ओबामांचा शपथविधी आणि अमेरिकेतला वर्णभेद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टनपासून अर्ध्या तासावर राहते. पुण्या-सांगलीकडून पाहुणे आले की त्यांना राजधानी दाखवायचं काम माझ्याकडे येतं, आणि रविवारी मी मराठी शाळेत शिकवते. पाहुणे काय आणि शाळेतली मुलं काय, २० जानेवारी २००९ चा विषय निघाला की सगळे विचारत सुटतात. मुलांसाठी तर तो दिवस त्यांच्या जन्माआधीचा आहे. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून ते इथे एका जागी लिहून ठेवले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत, आणि ती मी लपवलेली नाहीत.

त्या दिवशी नेमकं काय झालं?

बराक ओबामा अमेरिकेचे ४४ वे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. मंगळवार होता. कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या पश्चिमेकडच्या बाजूला, दुपारी बाराच्या सुमारास सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी शपथ दिली. १८६१ मध्ये अब्राहम लिंकन यांनी ज्या बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती, तेच बायबल मिशेल ओबामांनी हातात धरलं होतं. आदल्या दिवशी मार्टिन लूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती. समोरच्या मैदानात सुमारे १८ लाख माणसं जमली, असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. भारतात त्या वेळी रात्रीचे साडेदहा वाजले होते, आणि माझ्या आईने सांगलीत टीव्हीसमोर बसून सगळं पाहिलं.

तुम्ही स्वतः गेला होतात का? काय दिसलं?

गेले होते. त्या दिवशी मेट्रो पहाटे चारलाच सुरू केली होती. स्टेशनवर दादरच्या पुलावर सकाळी असते तशी गर्दी, पण कोणी कोणाला ढकलत नव्हतं. अनोळखी माणसं एकमेकांना "कुठून आलात?" विचारत होती. आम्हाला जागा मिळाली ती वॉशिंग्टन स्मारकाजवळ. तिथून कॅपिटॉल जवळजवळ दोन किलोमीटर. डोळ्यांना पांढरा घुमट दिसतो, माणसं दिसत नाहीत. बघायचं ते मोठ्या पडद्यावर. कर्ण्यांचा आवाजही पुढून मागे लाटेसारखा यायचा, त्यामुळे एकच वाक्य दोनदा कानावर पडायचं.

थंडी उणे दोन अंशांच्या आसपास. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक कृष्णवर्णीय आजी होत्या. अलाबामाहून रात्रभर बसने आल्या होत्या, सोबत चौदा-पंधरा वर्षांचा नातू. शपथ झाली आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. पण प्रत्येकाच्या हातात हातमोजे, त्यामुळे आवाज झाला तो असा, की जणू हजारो बायका एकदम ओल्या चादरी झटकताहेत. आजींनी हातमोजे काढले, कोटाच्या खिशात नीट ठेवले आणि उघड्या हातांनी टाळ्या वाजवायला लागल्या. नातू म्हणाला, आजी, हात गारठतील. त्या म्हणाल्या, "टाळीचा आवाज यायला हवा." त्यांच्या बोटांची कातडी थंडीने फुटलेली मला स्पष्ट दिसत होती. थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं, की त्यांची आई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली तेव्हा तिला तीनदा परत पाठवलं होतं, आणि चौथ्यांदा जायची तिची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मीही हातमोजे काढले.

पण लोक एवढे रडले का? शेवटी निवडणूकच होती ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. उत्तरासाठी साधा हिशोब करा. २००९ मध्ये जो माणूस पासष्ट वर्षांचा होता, तो १९६५ मध्ये एकवीस वर्षांचा होता. ६ ऑगस्ट १९६५ ला मताधिकाराचा कायदा झाला. त्याआधी दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत या माणसाने मतदान करायचं म्हटलं, तर त्याला परीक्षा द्यायला लावत, मारत, नोकरीवरून काढत. कागदावर हक्क १८७० पासून होता. म्हणजे मैदानात उभ्या असलेल्या साठी-सत्तरीच्या माणसांना हे सगळं कोणी गोष्ट म्हणून सांगितलेलं नव्हतं. वेगळे नळ, वेगळ्या शाळा, बसमधली मागची बाकं हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं.

मंचावर त्या दिवशी जॉन लुईस बसले होते. ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्मा गावी, एडमंड पेटस पुलावर, मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चाच्या ते सर्वांत पुढे होते. पोलिसांच्या दंडुक्याने त्यांची कवटी फुटली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात भाषण केलेल्यांपैकी २००९ मध्ये हयात असलेले ते एकटेच. समारंभानंतर त्यांनी ओबामांकडे फोटोवर सही मागितली. ओबामांनी लिहून दिलं ते एवढंच, की हे तुमच्यामुळे, जॉन.

आणि जे पाहायला राहिले नाहीत त्यांची आठवण होतीच. किंग यांना १९६८ मध्ये गोळी घातली तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. जगले असते तर त्या मंगळवारी ऐंशी वर्षांचे असते, आणि मंचावर खुर्ची त्यांची असती. त्यांचे सहकारी रेव्हरंड जोसेफ लोअरी मात्र होते. सत्त्याऐंशीव्या वर्षी, थकलेल्या आवाजात त्यांनी समारोपाची प्रार्थना केली. मैदानातली म्हातारी माणसं तो आवाज ऐकून हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

शपथ दोनदा घ्यावी लागली, हे खरं का?

खरं आहे. रॉबर्ट्स यांच्याकडून शब्दांचा क्रम चुकला, ओबामा थबकले, आणि वाक्य तसंच पुढे गेलं. उगाच शंका राहायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसच्या एका खोलीत शपथ पुन्हा झाली. राज्यघटनेप्रमाणे पद दुपारी बारालाच सुरू झालेलं होतं, त्यामुळे अडलं काहीच नव्हतं.

ओबामांची आई गोरी होती. मग ते "पहिले कृष्णवर्णीय" कसे?

मराठी शाळेतल्या एका मुलीने मला हे विचारलं, "मावशी, मग ते अर्धे-अर्धे नाहीत का?" चांगला प्रश्न आहे. अमेरिकेत पिढ्यानपिढ्या नियम असा होता, की घराण्यात एक जरी कृष्णवर्णीय पूर्वज असला तरी माणूस कृष्णवर्णीय. अनेक राज्यांच्या कायद्यातच तसं लिहिलेलं होतं. रक्ताचा एक थेंब विटाळ करतो ही कल्पना आपल्याला काही परकी नाही. ओबामा ज्या देशात वाढले त्या देशाने त्यांच्याकडे पाहिलं ते याच नजरेने, आणि त्यांनीही २०१० च्या जनगणनेत स्वतःची नोंद कृष्णवर्णीय अशीच केली.

त्यांच्या आईवडिलांचं लग्न १९६१ मध्ये हवाईत झालं. शपथविधीच्या मैदानापासून पोटोमॅक नदी ओलांडली की व्हर्जिनिया राज्य लागतं. १९६१ मध्ये त्या पलीकडच्या काठावर तेच लग्न गुन्हा ठरलं असतं. असे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केले. आणि २००८ च्या निवडणुकीत याच व्हर्जिनियाने ओबामांना निवडून दिलं. त्याआधी चव्वेचाळीस वर्षं त्या राज्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला कौल दिला नव्हता.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ओबामांचे वडील केनियाचे, शिकायला आलेले, त्यामुळे त्या बाजूने त्यांच्या घरात अमेरिकन गुलामगिरी नव्हती. ती होती मिशेलच्या घरात. तिचे खापरपणजोबा जिम रॉबिन्सन साउथ कॅरोलायनात भाताच्या मळ्यावर गुलाम होते. अलाबामाच्या आजी पडद्यावर मिशेल दिसली की दरवेळी नातवाला कोपराने ढोसत होत्या, त्याचं कारण मला नंतर कळलं.

व्हाइट हाउस आणि कॅपिटॉल गुलामांनी बांधले असं म्हणतात, ते कितपत खरं?

दोन्ही इमारतींवर गुलामांचे हात लागले आहेत, याची कागदपत्रं आहेत. सरकार मालकांना भाडं द्यायचं. दगड फोडायचे, वाहायचे, विटा भाजायच्या त्या गुलामांनी. काही मजूर मुक्त होते, काही गोरेही होते.

मला यात सर्वांत जवळचा वाटतो तो फिलिप रीड. कॅपिटॉलच्या घुमटावर जवळजवळ सहा मीटर उंचीचा "स्वातंत्र्या"चा ब्राँझ पुतळा आहे. तो ज्या भट्टीत ओतला तिथे फिलिप रीड हा गुलाम काम करत होता. पुतळ्याचा प्लॅस्टरचा साचा आधी जोडून ठेवलेला होता. सांधे बुजवलेले, तो सुटा कसा करायचा हे कोणालाच उमगेना. रीडने साच्याच्या डोक्यावरच्या कडीत दोर अडकवला, कप्पीने हळूहळू ताण दिला, आणि जिथे बारीक भेग दिसली तिथे सांधा असल्याचं दाखवून दिलं. कामाचे पैसे मालकाला जायचे. रीडला स्वतःला मिळायचे ते फक्त रविवारचे, दिवसाला सव्वा डॉलर. एप्रिल १८६२ मध्ये राजधानीतली गुलामी कायद्याने संपली, आणि डिसेंबर १८६३ मध्ये पुतळा घुमटावर चढला तेव्हा रीड मोकळा माणूस होता. ओबामांनी शपथ घेतली ती या पुतळ्याच्या पायाशी. पाहुण्यांना कॅपिटॉल दाखवताना मी आधी मान वर करायला लावते, मग बाकीचं सांगते.

शपथविधीत गायलेल्या गायिका अरेथा फ्रँकलिन यांच्या गाण्याचं एवढं कौतुक का झालं?

टोपीचंही झालं, मोठ्ठा राखाडी बो असलेल्या. पण गाणं निवडलं होतं ते नीट विचार करून. १९३९ मध्ये मरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनच्या एका मोठ्या सभागृहाने वर्णामुळे दार बंद केलं. तेव्हा त्या ईस्टरच्या रविवारी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायल्या. ७५ हजार लोक ऐकायला आले होते. पहिलं गाणं जे गायलं, तेच "माय कंट्री, टिज ऑफ दी" हे देशगीत सत्तर वर्षांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला अरेथा गायल्या. मधल्या काळात, १९६३ मध्ये, किंग यांनी आपल्या गाजलेल्या भाषणाच्या शेवटी त्याच गीताच्या ओळी म्हटल्या होत्या. थंडीने अरेथांचा आवाज त्या दिवशी हवा तसा लागला नाही. मैदानात कोणाला त्याची पर्वा नव्हती.

गोऱ्या लोकांची प्रतिक्रिया काय होती?

एकच नव्हती. ओबामांना गोऱ्या मतदारांपैकी साधारण ४३ टक्क्यांनी मत दिलं होतं आणि कृष्णवर्णीयांपैकी ९५ टक्क्यांनी. मैदानात गोरी माणसं लाखोंनी होती. हरलेले उमेदवार जॉन मॅकेन यांनी निकालाच्या रात्री केलेलं भाषण जरूर शोधून ऐका. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्याला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं तेव्हा देशभर किती गहजब झाला होता, याची त्यांनी त्या भाषणात आठवण काढली. आपल्या पंक्तीला कोणाला बसवायचं यावरून होणारा गहजब मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही.

पण मला कायमचा लक्षात राहिलेला माणूस म्हणजे एल्विन विल्सन. १९६१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलच्या बसस्थानकावर गोऱ्यांच्या प्रतीक्षालयात शिरल्याबद्दल जॉन लुईस यांना मारहाण झाली होती. मारणाऱ्यांत विल्सन होता. ओबामांच्या शपथविधीनंतर, सत्तरी ओलांडलेल्या विल्सनने आपण होऊन पुढे येऊन सांगितलं, की तो मी होतो. फेब्रुवारी २००९ मध्ये तो वॉशिंग्टनला आला आणि लुईस यांची समोरासमोर माफी मागितली. लुईस यांनी क्षमा केली. त्यांना इतक्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी मारलं, त्यांच्यातला माफी मागणारा हा पहिलाच, असं ते म्हणाले. शपथविधीने काय बदललं असं कोणी विचारलं की मी हे सांगते. कायदा एकही बदलला नव्हता, पण एका म्हाताऱ्याला अठ्ठेचाळीस वर्षं गिळून ठेवलेलं बोलता आलं.

या सगळ्याशी महाराष्ट्राचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो आपण विसरलो याचं मला वाईट वाटतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" प्रसिद्ध केली. तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सज्जन लोकांना आहे, त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी जो त्याग केला त्याच्या गौरवार्थ. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं, अशी इच्छाही तिथेच लिहिली आहे. अमेरिकेत गुलामगिरी घटनेने रद्द झाली १८६५ मध्ये. म्हणजे फक्त आठ वर्षांत, पुण्यात बसलेल्या एका माणसाने ती गोष्ट आपल्या घरची मानली. त्या काळी बातमी बोटीने यायची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डुबॉइस यांनी उत्तर पाठवलं, आणि अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल आपुलकी कळवली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी संघटना उभी केली तेव्हा नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून: दलित पँथर.

उलट दिशेनेही झालं. किंग १९५९ मध्ये भारतात आले. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली, "अमेरिकेहून आलेले आपले अस्पृश्य बंधू." किंग आधी दचकले, थोडे दुखावलेही. मग त्यांनी विचार केला आणि स्वतःशी कबूल केलं, की हो, मी अस्पृश्यच आहे, आणि माझ्या देशातला प्रत्येक कृष्णवर्णीय अस्पृश्य आहे. हे त्यांनीच नंतर आपल्या प्रवचनात सांगितलं. ओबामा नोव्हेंबर २०१० मध्ये भारतात आले तेव्हा संसदेतल्या भाषणात त्यांनी बाबासाहेबांचं नाव घेतलं. त्याच दौऱ्यात मुंबईत मणिभवनलाही गेले आणि कुलाब्याच्या शाळेत मुलांबरोबर नाचले. नाचाचं चित्रण सगळ्यांनी पाहिलं, बाबासाहेबांचा उल्लेख कमी लोकांच्या लक्षात राहिला.

आपण भारतीय इथे शिक्षणाच्या जोरावर आलो. कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपलं काय देणंघेणं?

देणंच आहे. याचं उत्तर मी जरा सविस्तर देते, कारण आमच्या स्वतःच्या घरात मला ते सापडलं.

आम्ही घर घेतलं तेव्हा वकिलाने जुन्या कागदपत्रांची चळत दिली. घर मागच्या शतकाच्या पूर्वार्धातलं. त्यातल्या पहिल्या खरेदीखतात एक कलम होतं: ही मालमत्ता गोऱ्या वंशाच्या व्यक्तीखेरीज कोणालाही विकता, भाड्याने देता किंवा वापरायला देता येणार नाही, घरकामाच्या नोकरांचा अपवाद. टंकलेखन यंत्रावर ठोकलेली अक्षरं, "गोऱ्या" या शब्दाची शाई जरा पसरलेली. माझ्या नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे आपण इथे भांडी घासायला राहू शकलो असतो." अशी कलमं अमेरिकेभर हजारो घरांच्या कागदांत आहेत. न्यायालयांनी ती अंमलात आणू नयेत असा निकाल १९४८ मध्ये लागला, आणि घरविक्रीतला वर्णभेद बेकायदा ठरला १९६८ मध्ये, किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. हे खटले लढले कृष्णवर्णीयांनी. त्या स्वयंपाकघरात आज मी पोळ्या लाटते.

आपण गोऱ्यांत मोडत नाही हा निकालही लागून गेलेला आहे. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात होते, तरी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते "गोरे" नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच मराठी कान टवकारतात. त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावर गदा आली तेव्हा ते खटला लढले आणि जिंकले. १९४६ च्या कायद्याने दारं किलकिली झाली, तीही वर्षाला शंभर भारतीयांपुरती.

दार सताड उघडलं ते १९६५ मध्ये. वंशाच्या आधाराने ठरवलेला कोटा रद्द करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबरला सही केली, मताधिकाराच्या कायद्यानंतर दोन महिन्यांच्या आत. पुलावर डोकी फुटली नसती तर देशाला ती लाज वाटली नसती, आणि ती लाज वाटली नसती तर हा कायदा झाला नसता. न्यू जर्सीतली, शिकागोतली, बे एरियातली आपली सगळी मंडळं, गणपती, दिवाळी अंक त्या रस्त्याने आले. पदवी आपली होती, मेहनत आपली होती. रस्ता दुसऱ्यांनी बांधलेला होता.

अलीकडचं एक उदाहरण, ज्याने मला विचारात टाकलं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. मराठी माणूस तिथे पोचला याचा आनंद झालाच. पण डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचं शहर, आणि त्या निवडणुकीने जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मंडळात पेढे वाटताना दुसरीही बोलली जायला हवी होती.

बोलताना कोणता शब्द वापरावा?

मराठीत "कृष्णवर्णीय" किंवा "आफ्रिकन-अमेरिकन". "निग्रो" जुन्या मराठी पुस्तकांत आणि भाषणांत सर्रास येतो, किंग स्वतःही तोच शब्द वापरायचे, पण आज तो बोलू नये. "काळे" हा शब्द मराठीत कोण कशा सुरात म्हणतं यावर आहे, आणि आपल्या घरांतला तो सूर बहुतेकदा चांगला नसतो. आपल्याकडे मुलीच्या रंगावरून स्थळं मोडतात, ती सवय सामानासोबत इथे येते. "ती वस्ती चांगली नाही, तिकडे ते लोक राहतात" हे वाक्य मी किती तरी सभ्य, प्रेमळ माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही गप्प बसून मान डोलावली आहे. आता नाही डोलावत. इथे जन्मलेली आपली मुलं तर सरळ उठून निघून जातात, आणि मला त्यांचं बरोबर वाटतं.

मग २००९ नंतर वर्णभेद संपला का?

नाही. आणि तो संपला असं मैदानात उभ्या असलेल्या कृष्णवर्णीयांपैकी मला कोणी म्हटलेलंही आठवत नाही. ते बोलणं टीव्हीवर होतं. अलाबामाच्या आजींना मी विचारलं होतं, आता काय? त्या म्हणाल्या, आता याला जपायला हवं. त्यांना त्याच्या जिवाची काळजी वाटत होती.

घडलं ते असं. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताधिकाराच्या कायद्यातली एक महत्त्वाची तरतूद निकामी केली, पाच विरुद्ध चार मतांनी. टेक्सासने त्याच दिवशी मतदारांसाठी कडक ओळखपत्राचा नियम लागू करत असल्याचं जाहीर केलं. १७ जून २०१५ ला चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. त्यांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं होतं. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांच्या वर गुडघा दाबून धरला.

आणि पैशांचा हिशोब. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या पायरीवरच्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता होती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५ हजार. इथल्या सामान्य माणसाची संपत्ती म्हणजे मुख्यतः घर. ज्यांच्या आजोबांना बँकेने कर्ज दिलं नाही आणि खरेदीखताने घर दिलं नाही, त्यांच्या नातवंडांकडे वाटून घ्यायला काय असणार? माझ्या घराच्या त्या कलमाची ही किंमत आहे.

ओबामांमुळेच उलट फूट वाढली, असं काही जण म्हणतात. तुमचं मत?

मला ते पटत नाही. ओबामा वर्णाबद्दल फार जपून बोलत. त्यांचा जन्म अमेरिकेत झालाच नाही, ही खोटी गोष्ट वर्षानुवर्षं पसरवली गेली. शेवटी एप्रिल २०११ मध्ये पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला आपला जन्मदाखला पत्रकारांपुढे ठेवावा लागला. आधीच्या कोणाही राष्ट्राध्यक्षावर ही पाळी आली नव्हती. ही गोष्ट सर्वांत मोठ्याने सांगणारे डोनाल्ड ट्रम्प २०१६ मध्ये त्याच पदावर निवडून आले. पाहुणा पहिल्यांदा माजघरात आला म्हणून घरातली भांडणं उघडी पडली, तर दोष पाहुण्याचा कसा? आणि तो पाहुणाही नव्हता. त्या घराच्या विटा त्याच्या माणसांनी भाजल्या होत्या.

मला राग येतो तो दुसऱ्या टोकाच्या लोकांचाही, जे म्हणतात की त्या दिवसाने काहीच झालं नाही. फुटलेल्या बोटांनी टाळ्या वाजवणाऱ्या बाईला हे तोंडावर सांगून बघा.

कमला हॅरिस यांचा शपथविधी वेगळा होता का?

फार वेगळा. २० जानेवारी २०२१ ला करोनामुळे मैदानात माणसांऐवजी झेंडे रोवले होते. दोनच आठवड्यांपूर्वी जमावाने कॅपिटॉलवर हल्ला केला होता आणि गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा एकाने इमारतीच्या आतून मिरवला होता. हॅरिस पहिल्या महिला उपाध्यक्ष, पहिल्या कृष्णवर्णीय आणि पहिल्या दक्षिण आशियाई. आई चेन्नईची, श्यामला गोपालन, संशोधक. तमिळनाडूतल्या तुलसेंद्रपुरम या आजोळच्या गावात रांगोळ्या निघाल्या, फटाके वाजले. आमच्या मंडळातही आनंद झाला, मात्र तिचं कृष्णवर्णीय असणं बाजूला ठेवून फक्त भारतीय असणं साजरं करणारे संदेश मला खटकले. तिने हात ठेवलेल्या दोन बायबलांपैकी एक थर्गुड मार्शल यांचं होतं. सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश, आणि त्याआधी शाळांमधला वर्णभेद १९५४ मध्ये मोडून काढणारे वकील.

वॉशिंग्टनला आलो तर हे सगळं कुठे पाहता येईल?

कॅपिटॉलच्या पाहुण्यांच्या दालनाचं नावच मुक्तिदालन आहे. तिथे स्वातंत्र्याच्या पुतळ्याचा तोच प्लॅस्टरचा साचा उभा आहे, जो फिलिप रीडने सोडवला. डोक्यावर जिथे कप्पी लावली होती तिकडे बघा. लिंकन स्मारकावर, वरून अठरा पायऱ्या खाली, किंग उभे होते ती जागा अक्षरं कोरून दाखवली आहे. पाऊस पडला की अक्षरांत पाणी साचतं आणि ती जास्त छान वाचता येतात.

आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयासाठी पूर्ण दिवस ठेवा. २४ सप्टेंबर २०१६ ला ओबामांच्या हस्ते ते उघडलं तेव्हा एका जुन्या कृष्णवर्णीय चर्चची घंटा तिथे आणली होती. ती वाजवायला ओबामांबरोबर नव्व्याण्णव वर्षांच्या रूथ बॉनर होत्या. त्यांचे वडील गुलाम म्हणून जन्मले होते. एवढ्या दोनच पिढ्या. तिकीट फुकट असतं, पण वेळ आधी राखून ठेवावी लागते. आत गेल्यावर लिफ्टने आधी सगळ्यात खाली उतरा, कारण इतिहास तिथून सुरू होतो आणि चढणीच्या वाटेने वर येतो. १९५५ मध्ये गोऱ्यांनी ठार मारलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची शवपेटी मधल्या दालनात आहे. लहान मुलं बरोबर असतील तर आत जाण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या. माझ्या आईला मी २०१७ मध्ये घेऊन गेले, तेव्हा ती तिथे बराच वेळ बसून राहिली. मग बाहेर येऊन वॉशिंग्टन स्मारकाच्या हिरवळीवर आम्ही डबा उघडला, आणि तिने विचारलं, "तू उभी होतीस ती जागा कोणती?" संग्रहालयाच्या दारातून बाहेर पडल्यावर ती जागा पाच मिनिटांवर आहे.